दुष्काळी मुलखातील परस आणि पाखरांचा वाटा



दुष्काळी मुलखात बागेचा विषय काढला की तो चैनीचा वाटण्याचा संभव असतो. ज्या वस्तीत टँकरची वाट पाहत हंडे-घागरी रांगेने मांडलेल्या असतात, तेथे फुलांची आणि फुलपाखरांची चर्चा कशाला, असे कोणीही विचारील. आणि तो प्रश्न रास्तच आहे. परंतु तो कोणत्या बागेला लागू पडतो आणि कोणत्या बागेला पडत नाही, याचा निवाडा झाल्याखेरीज त्याचे उत्तर मिळणार नाही.

सह्याद्रीच्या पूर्वेचा पर्जन्यछायेचा पट्टा सर्वांच्या परिचयाचा आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून जेमतेम शंभर किलोमीटरांवरील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. आटपाडी, जत, सांगोला, कर्जत येथील स्थिती फारशी निराळी नाही. महसुली दप्तरांनी या मुलखातील माळांना ‘पडीक’ म्हटले. वस्तुतः हा माळ कधीच रिकामा नव्हता. चंडोल, माळटिटवी, होला, खोकड, लांडगा, काळवीट, घोरपड ही सारी येथील मूळची रहिवासी मंडळी. सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली आणि कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली स्थापन झाले, ते या ‘पडीक’ मानलेल्या भूमीची खरी श्रीमंती ओळखूनच.

आता बागेचा हिशोब पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ जगवायची तर रोज निदान पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते. म्हणजे शंभर चौरस मीटरांच्या हिरवळीला दिवसाला पाचशे लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दररोज दरडोई ५५ लिटरांचे प्रमाण धरले आहे. एका बंगल्यापुढची हिरवळ नऊ माणसांचे पाणी पिते, असा याचा सरळ अर्थ. शिवाय वरचेवर कातरलेल्या त्या हिरवळीत ना बी धरते, ना फूल येते, ना कोणा पाखराला आडोसा मिळतो. शेजाऱ्याच्या आणि सृष्टीच्या अशा दोघांच्याही वाट्याचे घेणारी ही बाग आहे. दुष्काळी मुलखात तिचे समर्थन करता येत नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा जो प्रयोग उभारला, त्याने एक मूलभूत तत्त्व महाराष्ट्रापुढे ठेवले. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येनुसार द्यावयाचा, भूमिहीनालाही त्यात हक्क द्यावयाचा आणि त्या पाण्यावर ऊस घ्यावयाचा नाही. पाणी कोणाचे, हा प्रश्न त्या प्रयोगाने शेतापुरता सोडविला. तोच प्रश्न अंगणातही विचारावयास हवा. आणि तो विचारला की दुसऱ्या प्रकारची बाग दिसू लागते.

ही दुसरी बाग म्हणजे आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला परस. त्याला नवे पाणी लागत नाही. पाच माणसांच्या घरात अंघोळीचे पाणी दरडोई पंधरा लिटर धरले, तरी रोज पंचाहत्तर लिटर पाणी न्हाणीतून वाहून जाते. ते उघड्यावर साचू न देता पालापाचोळा भरलेल्या चरातून झाडांच्या आळ्यांत जिरवले, तर शेवगा, कढीपत्ता, लिंबू, अडुळसा एवढा पसारा सहज जगतो. धुण्याच्या सोड्याचे कडक पाणी तेवढे वेगळे काढावे. छपराचे पाणीही मोजण्याजोगे असते. पन्नास चौरस मीटर छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर पंचवीस हजार लिटर होतात. त्यातले निम्मे जरी परसातच मुरले, तरी देशी झाडाला पहिली दोन-तीन वर्षे तग धरण्यास मोठा आधार होतो. पुढे ते आपल्या मुळांवर उभे राहते.

झाडे कोणती लावावीत, हा यापुढचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. वृक्षारोपणाच्या सप्ताहांतून वर्षानुवर्षे गुलमोहर, नीलगिरी, सुबाभूळ, गिरीपुष्प यांची रोपे वाटली गेली. एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातून आलेली वेडी बाभूळ तर माळच्या माळ व्यापून बसली आणि तिच्याखालचे गवत संपले. येथे परकेपणाचा द्वेष अभिप्रेत नाही. मिरची, पेरू आणि सीताफळही बाहेरूनच आले आणि घरचे झाले. कसोटी एवढीच की, त्या झाडावर कोणाचे पोट भरते? दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना अळ्या आणि किडेच भरवते. अळ्या मात्र वाटेल त्या पानावर वाढत नाहीत. रुईच्या पानावर वाढणारी अळी नीलगिरीवर जगत नाही. लिंबू आणि कढीपत्ता यांवर एका जातीची फुलपाखरे अंडी घालतात, तरवडावर दुसऱ्या. या अळ्यांनी चार पाने कुरतडली, तर झाड खराब झाले असे मानून त्यावर औषध मारणे म्हणजे चिमणीच्या पिलांचे ताट हिसकावणे होय.

म्हणून बांधाला बोर, बाभूळ, हिवर, शमी, लिंब यांपैकी जागा असेल तसे एखादे झाड असावे. कुंपणाला काटेरी तारेऐवजी कोरांटी, निरगुडी, करवंद लावावी; बुलबुल आणि शिंजीर तेथे आपण होऊन येतात. एका कोपऱ्यात कुसळी, मारवेल यांसारखे गवत बी झडेपर्यंत उभे ठेवावे. मुनियांना दाणा मिळतो. थोडी जमीन मोकळी, न खणलेली राहू द्यावी, कारण एकेकट्या राहणाऱ्या अनेक मधमाश्या जमिनीत बिळे करतात. वाळलेले लाकूड सरपणात न घालता एखादे तरी पडू द्यावे. भुंगे त्यात घर करतात. पाण्याचे परळ दोन बोटांहून खोल नसावे, त्यात एक दगड ठेवावा आणि ते दर दोन दिवसांनी घासून धुवावे, म्हणजे डास होत नाहीत. उघड्या हौदात तिरपी फळी टाकून ठेवली, तर खारीचा, सरड्याचा जीव वाचतो.

साप येतील, ही भीती खोटी नाही. नाग, घोणस, मण्यार, फुरसे या मुलखात आहेत आणि घरात लेकरे आहेत. म्हणून दगडांचा ढीग आणि उंच गवत कुंपणाच्या टोकाला असावे, दारापुढची जागा झाडून स्वच्छ असावी, रात्री बॅटरीशिवाय परसात जाऊ नये. पण उंदरांवर राहणारी धामण दिसताच काठी उगारणे आणि मग उंदरांसाठी विष विकत आणणे, हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

या साऱ्याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्याला परस आहे त्यालाच हे शक्य आहे; वस्तीतील अनेक घरांना दारापुढे खाटेपुरतीही जागा नसते. त्यांच्यासाठी शाळेचे, दवाखान्याचे, ग्रामपंचायतीचे आवार हाच परस समजावा लागेल. शिवाय हजार परसांनीही एका गायरानाची भरपाई होत नाही. माळढोकाला आणि लांडग्याला कोणाचे अंगण पुरणार नाही. त्यांना मोकळा माळच हवा. तो माळ झाडे लावूनही मोडतो, हे विसरता कामा नये. गवताचे रान हे अपुरे राहिलेले जंगल नव्हे. म्हणून परसात झाड आणि माळावर गवत, असा विवेक ठेवून गायरान राखण्याचा लढा चालू ठेवावा लागेल. परसाचे काम त्या लढ्याला पर्याय म्हणून नाही. डोळे उघडण्याची ती पहिली शाळा आहे.

कार्यकर्त्यांना यातून लगेच हाती घेण्याजोगे काम आहे. पावसाच्या तोंडावर लिंबोळ्या पिकतात. त्यांचे बी फार दिवस टिकत नाही, ते ताजेच पेरावे लागते. शेळ्यांच्या वाड्यातून वेचलेले बाभळीचे बी चांगले रुजते आणि त्याला पैसाही पडत नाही. बोराची आठळी रोपवाटिकेत वाढवून हलविण्यापेक्षा जागच्या जागी लावलेली बरी, कारण तिचे मूळ सरळ खोल जाते. शाखेने गावागावातून हे बी गोळा करावे, धनगर आणि शेळीपालक बायांकडून झाडांची माहिती घ्यावी, आणि यंदाच्या वृक्षारोपणाला सरकारी गाडीतून जी रोपे उतरतील त्यांची नावे आधी विचारावीत. ग्रामसभेत दोन प्रश्न नेमाने मांडावेत : या झाडाला पाणी कोणाच्या वाट्याचे जाणार, आणि याच्यावर पोट कोणाचे भरणार? या दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर देईल तीच बाग दुष्काळी मुलखाला परवडणारी आहे.