हरिकेन : एका चिवट विमानाची सेवा



दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांचा विषय निघाला की स्पिटफायरचे नाव प्रथम ओठावर येते. परंतु १९४० साली ब्रिटनच्या आकाशात जो संग्राम झाला, त्यात ब्रिटिश लढाऊ विमानांनी पाडलेल्या शत्रुविमानांपैकी निम्म्याहून अधिक हरिकेनने पाडली.

सिडनी कॅम यांनी रचलेले हे विमान १९३५ साली प्रथम उडाले. वेगात ते स्पिटफायरहून उणे होते. मात्र त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि मागील भाग कापडाने मढवलेला होता. गोळी आरपार गेली तरी पुष्कळदा कापडाचे ठिगळ लावून काम भागे. चाकांमधील अंतर मोठे असल्याने खडबडीत धावपट्टीवरही ते सहसा डगमगत नसे.

हाच गुण आपल्या ईशान्य सीमेवर कामी आला. १९४४ साली जपानी फौजांनी इंफाळला वेढा घातला, तेव्हा भारतीय वायुदलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन तेथे ठाण मांडून होती. डोंगररानात दडलेल्या शत्रूची टेहळणी करणे, हे तिचे मुख्य कार्य. तिचे प्रमुख अर्जन सिंग यांना त्याच वर्षी डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हा सन्मान लाभला. पुढे २००२ साली ते वायुदलाचे मार्शल झाले.

वैमानिकांची नावे इतिहासाने जपली. जखमी विमान पुन्हा उडण्याजोगे करणारे यंत्रज्ञ मात्र बहुतांशी अनामच राहिले. हरिकेनचे स्मरण करताना त्या हातांनाही आपण वंदन करावे, एवढीच माझी विनंती आहे.