पुढच्या चाकांचा कल

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास एक तक्रार केव्हा ना केव्हा भेटतेच. स्टिअरिंगवरील पकड सैल करताच गाडी एका बाजूस ओढ घेते, आणि पुढच्या टायरची एकच कड झिजून गुळगुळीत होते. ‘कॅम्बर बिघडला’ असे निदान होते, कोन जुळवून घेतला जातो, आणि थोड्याच दिवसांत तक्रार पुन्हा उभी राहते. ह्याचे कारण असे की, बिघडलेला कॅम्बर हा बहुधा रोग नसून रोगाचे लक्षण असतो.

कॅम्बर म्हणजे काय? गाडीकडे समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून जितके कललेले दिसते, तितका त्याचा कॅम्बर. माथा बाहेर कलला तर तो धन, आत कलला तर ऋण. जुन्या गाड्यांत तो पुष्कळदा किंचित धन ठेवीत. त्यामुळे टायरचा जमिनीवरील टेक चाक वळण्याच्या आसाजवळ येतो व स्टिअरिंग हलके होते.

आपल्याकडे जुनी मोटार म्हटले की प्रीमियर पद्मिनी आठवते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघे. मुंबईच्या टॅक्सींतून तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. तथापि कित्येक घरी ती अजून जिवापाड जपलेली आहे. समजा, अशी एक गाडी करमाडास आहे. करमाड हे छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना शेंद्र्याच्या पुढे लागते. कोन मोजण्याच्या संगणकी यंत्रासाठी शहर गाठावयाचे, तर वीसएक किलोमीटरची वाट. त्या वाटेस लागण्यापूर्वी घरच्या अंगणात पुष्कळ काही कळून येते.

प्रथम टायरांतील हवा सारखी करावी. मग ओढ खरी आहे काय, हे पाहावे. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून रस्त्यास कडेकडे उतार दिलेला असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून निर्दोष गाडीही किंचित डावीकडे सरकते. तेव्हा परीक्षा मोकळ्या सपाट मैदानावर, मंद गतीने करावी. तेथेही ओढ राहिली, तर पुढची दोन चाके परस्परांत बदलावी. ओढीची दिशा पालटली, तर दोष टायरचा. ती कायम राहिली आणि ब्रेक लावल्यानंतर एखादे चाक फार तापत नसेल, तरच पुढे शोध करावा. दोन चाकांच्या कॅम्बरमध्ये तफावत असली की गाडी अधिक धन कॅम्बरच्या बाजूस ओढते.

टायरही साक्ष देतो. बाहेरची कड सपाट झिजली तर धन कॅम्बर अधिक. आतली झिजली तर ऋण. हात फिरवताना करवतीसारखे दाते लागले, तर दोष टो-इनचा. दोन्ही कडा झिजल्या, तर हवा कमी.

आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा. चाक उचलावे, गाडीखाली भक्कम घोडी द्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. जॅक हस्तपुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावावा. चाक वर-खाली धरून आलटून-पालटून हलवावे. खडखड जाणवली, तर दुसऱ्याने ब्रेक दाबावा. ती थांबली तर बेअरिंग ढिले; न थांबली तर किंगपिन, बॉल जॉइंट किंवा बुश झिजलेले. गाडी उतरवून दोन्ही बाजूंची उंची मोजावी. एक बाजू खचली असेल तर स्प्रिंग दबली आहे. ह्यांपैकी काही आढळल्यास ते आधी दुरुस्त करावे. ढिल्या सांध्यावर जुळविलेला कोन पहिल्याच खड्ड्यात पुन्हा हलतो.

मग मोजणी. फरशी समतल आहे, ह्याची पाणसळीने खात्री करावी. चाके सरळ ठेवावी आणि गाडी थोडी मागेपुढे ढकलावी, म्हणजे स्प्रिंगा मूळ जागी बसतात. गवंड्याचा ओळंबा चाकासमोर सोडून रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासूनचे अंतर मोजावे. ह्या दोन कडांत ३५ सेंटिमीटर अंतर असल्यास ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे १ अंश. हा आकडा हस्तपुस्तिकेशी ताडून पाहावा.

दुहेरी भुजांच्या गाड्यांत हा कोन सहसा पातळ पत्र्यांनी, म्हणजे शिमांनी, जुळविला जातो. एकाच बाजूस शिमांची चळत लागत असेल, तर भुजा किंवा चासी वाकल्याचा संशय घ्यावा. मारुती ८०० सारख्या गाडीत तर कॅम्बर फिरविण्याची मूळ सोयच नाही. तेथे कोन चुकला म्हणजे काहीतरी वाकले अथवा ढिले झाले, हे उघड आहे. वाकलेला भाग तापवून किंवा ठोकून सरळ करू देऊ नये, तो बदलावा. कॅम्बर हलला की टो-इनही हलतो, म्हणून तो सर्वांत शेवटी जुळवावा.

श्रोतेहो, टायरची किंमत मोजता येते. परंतु भरधाव गाडीत सांधा निखळला, तर आत बसलेल्या मुलाबाळांच्या जिवाशीच गाठ पडते. म्हणून कारागिरास ‘कोन जुळवून द्या’ असे सांगण्यापूर्वी ‘कोन का बिघडला?’ एवढे अवश्य विचारावे.