नियमगिरीचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ओडिशातील रायगडा व कालाहंडी जिल्ह्यांत नियमगिरीची डोंगररांग आहे. डोंगरिया कोंध आदिवासींचा नियमराजा तिच्या माथ्यावर नांदतो. त्याच माथ्यात सुमारे सात कोटी टन बॉक्साइट आहे. वेदान्त उद्योगसमूहाने पायथ्याशी लांजीगढला ॲल्युमिनाचा कारखाना आधी उभारला. खाणीची अंतिम परवानगी पदरात पडावयाची होतीच. भांडवल एकदा गुंतले की सरकारला नकार जड जातो, हा हिशेब आपल्या देशात नवा नाही.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात, की नुकसान सोसणाऱ्यांची भरपाई करूनही लाभ उरत असेल, तर प्रकल्प समाजहिताचा. (भरपाई प्रत्यक्षात दिलीच पाहिजे, असे हा सिद्धान्त म्हणत नाही, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.) पण जो माथा विकावयास कोणीच तयार नाही, त्याची किंमत काढणार कशी? शिवाय माथ्यावरचे रान तोडू नये, हा कोंधांचा नियम निव्वळ श्रद्धेचा नाही. बॉक्साइटचा सच्छिद्र थर पावसाचे पाणी धरून ठेवतो. वंशधारा नदी आणि कितीतरी झरे या डोंगरांतून वाहतात. देवाचा नियम आणि पाण्याचा नियम तेथे एकच आहे.

१८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या वनाधिकार कायद्याच्या आधारे हा प्रश्न ग्रामसभांकडे सोपविला. शंभरावर गावांतून राज्य सरकारने बाराच निवडली. त्या बाराही ग्रामसभांनी, जिल्हा न्यायाधीशांच्या देखत, खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रानेही नकार दिला.

हा विजय मोठाच. परंतु कारखान्यासाठी पायथ्याची जी कोंध कुटुंबे उठविली गेली, त्यांचे मत असे कोणी घेतले नव्हते. जमीन राखण्यासाठी आदिवासीला आपला देव न्यायालयात सिद्ध करावा लागावा, आणि जेथे देव नाही ते शेत मुकाट्याने जावे, ही व्यवस्था समाजवाद्यांना कशी मानवेल?

लांजीगढचा कारखाना आजही चालू आहे आणि त्याला बॉक्साइट हवेच आहे. २०२३ साली त्याच भागातील सिजिमालीचे साठे लिलावात वेदान्तकडे गेले. संमतीचे ठराव बनावट असल्याची गावकऱ्यांची तक्रार आहे. आपल्या गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर माडिया ठाकूरदेवाची यात्रा भरवितात, आणि त्याच डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक उतरतात. ठराव कोणी लिहिला, कोणत्या भाषेत वाचून दाखविला, सभेला खरोखर कोण हजर होते, हे कार्यकर्त्यांनी गावात मुक्काम करूनच तपासावयास हवे.