टाकं, टँक आणि टँकर



शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘इंग्रजीतले पाहुणे शब्द’ असा विषय छापलाय. पडद्यामागून घुंगरांचा आवाज येतोय आणि मागच्या रांगेतल्या पोरांना शेलापागोट्यांची घाई झालीय, हे मला दिसतंय. विषय थोडक्यात उरकते. पण आधी सहलीची गोष्ट सांगू द्या, तेवढ्यासाठीच मी हे आमंत्रण घेतलं.

मी वेल्ह्याकडची. आता तालुक्याला राजगड म्हणायचं ठरलंय, पण माझ्या तोंडात वेल्हेच बसलंय. आठवीला भोरला आत्याकडे राहायला आले आणि या शाळेत माझं नाव घातलं. त्या वर्षी सहल राजगडाला गेली. गुंजवण्यातून चढून आम्ही पद्मावती माचीवर आलो आणि कातळात खोदलेल्या टाक्यापाशी भाकरी सोडल्या. ओंजळभर पाणी प्यायलं तर दात शिवशिवले. सरांनी विचारलं, “याला इंग्रजीत काय म्हणाल?” कुणालाच येईना. मी उगीच धीट. टाक्याचंच थोडं वाकवून म्हणाले, “टँक!”

एकाहत्तरचं युद्ध नुकतंच झालं होतं. टँक म्हणजे रणगाडा, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकजण ओरडला, “हिनं गडावर रणगाडा चढवला रे!” सरांनाही हसू आवरेना. त्या दिवसापासून दहावीपर्यंत माझं नाव ‘रणगाडा’. ज्यानं ते पाडलं तो समोर पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून बसलाय. खाली बघू नकोस, तुझी नात नाचणार आहे ना आज? ती सांगेल सगळ्यांना.

पुढे मुंबईला एम.ए. करताना कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड कोश उघडला. टँक या शब्दाखाली व्युत्पत्ती दिली होती: गुजराती आणि मराठीतलं टांकें. पोर्तुगिजांचा ‘तांक’ त्याच्या मदतीला आला असावा, असंही पुढे लिहिलं होतं. म्हणजे पाणी साठवायची आपली जागा जहाजात बसून विलायतेला गेली होती. मग पहिलं महायुद्ध आलं. इंग्रजांनी लोखंडी गाड्या गुपचूप बांधायला घेतल्या आणि हे पाण्याचे टँक आहेत, अशी आवई उठवून दिली. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर त्या गाड्या पहिल्यांदा लढाईत उतरल्या. गुपित फुटलं, नाव मात्र चिकटलं. मी बरोबर होते आणि हसणारा वर्गही बरोबर होता. ग्रंथालयात मी एवढ्या मोठ्यानं हसले की मला बाहेर घालवलं.

तोच शब्द आता टँकर होऊन परत आलाय. पावसाळ्यात आपल्याकडे छपरं धड राहत नाहीत आणि एप्रिलात वरच्या वाड्यांवर बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात. वर गडावर टाकं, खाली टँकर! रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलंय, की आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा, आणि एका झऱ्याच्या भरवशावर राहू नका. टाकं खोदताना निघालेला दगड तटाला लागायचा, असा एका कामात दोन कामं करणारा हिशेब. समोर पंचायतीची मंडळी बसली आहेत. मी त्यांच्याकडे मुद्दामच बघत नाही.

बाकीचे शब्द धावत सांगते. आपलं मुंगूस इंग्रजीत मंगूस झालं. आपली चिठ्ठी तिकडे चिट झाली आणि वर्तमानपत्रांतून धुऊन पुसून ‘क्लीन चिट’ म्हणून घरी आली. नाशिकजवळच्या देवळालीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून गोरे शिपाई कंटाळत, त्यांची डोकी फिरत. डोकं फिरण्याला त्यांनी नाव दिलं ‘डूलॅली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

झाला विषय. आता माझा हट्ट ऐका. जवळ एक वही ठेवा. कानावर नवा शब्द पडला की त्याच दिवशी लिहा, कुणी आणि कुठे उच्चारला तेही लिहा. मोबाइलात नको, हातानं. मोल्सवर्थ हा लष्करातला अधिकारी. त्यानं शास्त्र्यांना हाताशी धरून मराठी शब्द गोळा केले. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. आजही अडलं की आपण त्याचंच दार वाजवतो. त्याला मराठी शिकायची होती म्हणून तो विचारत गेला. आपल्याला येतेच, म्हणून आपण विचारत नाही. वही ठेवा, बाळांनो. शिक्षकांनीही ठेवावी. हसू नका सर, तुम्हालाच म्हणतेय.

मघाशी चहा घेताना नववीतल्या एका मुलीला विचारलं, इरलं म्हणजे काय गं? तिला माहीत नव्हतं. तिची आजी शेजारीच होती. ती म्हणाली, आवणीच्या वेळी पाठीवर घ्यायचं, कामट्या आणि पानांचं. प्लास्टिकचा कागद आला आणि ते गेलं. आणि मग आजीनं खुर्चीतच वाकून, दोन्ही हात मोकळे ठेवून रोप कसं लावायचं ते करून दाखवलं. हे कुठल्या कोशात मिळणार? वही ठेवा.

दोनशे कोऱ्या वह्या आणून ऑफिसात ठेवल्या आहेत. जाताना एकेक घ्या. पुरल्या नाहीत तर मला कळवा, आणखी पाठवीन. उद्या सुट्टी आहे, परवा शाळेत येताना घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारून पहिल्या पानावर एक शब्द लिहून आणा.