निद्रेतील श्वासरोध आणि ॲस्पिरिनची गोळी



आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ चरकसंहितेत सांगितले आहेत. त्यांतील निद्रेची पारख आपल्या घरांतून बहुधा घोरण्यावरून होते. वडील मंडळी मोठ्याने घोरू लागली की झोप गाढ लागली, असे समजून घर निश्चिंत होते. हा समज घातक ठरू शकतो. घशाचे स्नायू शिथिल पडून वायुमार्ग मिटला की घोरणे एकाएकी थांबते. दहा सेकंद, कधी त्याहून अधिक काळ श्वास बंद राहतो, आणि मग माणूस दचकून धापा टाकतो. श्वास असा थांबणे वा मंदावणे तासात 30 वेळा वा अधिक घडल्यास विकार तीव्र मानतात. अशांना दिवसा पेंग येते. प्रवचनात डुलकी घेणाऱ्याचा दोष प्रत्येक वेळी प्रवचनकाराचाच असतो, असे नाही! संगीतकार बप्पी लाहिरी 2022 च्या फेब्रुवारीत मुंबईस निवर्तले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचा उल्लेख केला होता.

यांपैकी अनेकांना हृदयविकारही असतो व त्यासाठी ॲस्पिरिन चालू असते. रक्तातील बिंबिका एकमेकींस चिकटून गुठळी होते. ही गोळी त्या चिकटण्याचा एक मार्ग बंद करते. बिंबिकेचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. नव्या बिंबिका रोज तयार होतात, म्हणून गोळीही रोज. परंतु श्वास कोंडला की प्राणवायू घटतो, ॲड्रिनलिन उसळते, रक्तदाब चढतो आणि बिंबिका अन्य मार्गांनी चेतवल्या जातात. ते मार्ग ॲस्पिरिनच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तेव्हा गोळी चालू आहे एवढ्यावरून श्वासाकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. उलट, हृदयविकार नसताना ती आपल्या मनाने सुरू केल्यास रक्तस्रावाचा धोका असतो. डॉक्टरांनी दिलेली असल्यास आपल्या मनाने सोडूही नये.

श्वासरोधावर मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते 1981 साली पुढे आणले. हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या 2,717 रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. तीत भारतातील रुग्णही होते. यंत्राने दिवसाची पेंग कमी झाली, पण हृदयविकाराचे झटके घटल्याचे दिसले नाही. मात्र रुग्णांनी ते रात्री सरासरी 3.3 तासच लावले होते. निम्मी रात्र खुंटीवर टांगलेल्या यंत्राकडून किती अपेक्षा करावी?

वजन उतरवणे हाही उपचारच. इंदूरकरांना हे सांगताना सराफ्यातील रात्रीच्या खाऊगल्लीचे नाव घेण्याची गरज नाही.

श्वास थांबल्याचे स्वतः रुग्णास कळत नाही. ते कळते शेजारी जागणाऱ्या गृहिणीस. तिने घड्याळ पाहून केलेली नोंद डॉक्टरांना अवश्य दाखवावी.