सलाईन म्हणजे ताकद नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. औषधपाण्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण माझ्या हातून झालेली चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून उभी राहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात जाऊबाईंचा सव्वा वर्षाचा मुलगा माझ्यापाशी होता. सकाळपासून त्याला जुलाब लागले. पोटात काही गेले की पुन्हा होतात, या समजुतीने मी दूध बंद केले आणि पाणीही बंद केले. संध्याकाळी त्याचे डोळे खोल गेले, लघवी होईना, आणि तो मोठमोठे श्वास घेऊ लागला. मला वाटले, कफ झाला. ओव्याच्या पुरचुंडीने मी त्याची छाती शेकत बसले! शेवटी यजमानांनी रिक्षा आणली आणि आम्ही घाटी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी मागाहून समजावले, ते असे. जुलाबावाटे पाणी व मीठ जाते, तसा आम्ल मारणारा क्षारही जातो. मग रक्तात आम्ल वाढते. ते उतरवण्यासाठी शरीर जोराने श्वास टाकू लागते. म्हणजे तो कफ नव्हता, जिवाची धडपड होती! शिरेतून ‘रिंगर लॅक्टेट’ची बाटली लावली. त्यातल्या लॅक्टेटपासून यकृतात सोड्यासारखा क्षार तयार होतो आणि आम्ल उतरते. बाळ आठ किलोचे. त्याला तीन तासांत 800 मिलिलिटर दिले, त्यातले 240 पहिल्या अर्ध्या तासात. मध्यरात्री त्याने आईची साडी ओली केली, तेव्हा जाऊबाई हसता हसता रडल्या.

भगिनींनो, थोडा थकवा आला की आपण म्हणतो, “डॉक्टर, एक सलाईन लावा.” साध्या सलाईनच्या 500 मिलिलिटरच्या बाटलीत मीठ असते साडेचार ग्रॅम, बाकी पाणी. त्यात ताकद कुठली? हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ती बाधूही शकते.

सुईची वेळच येऊ नये, यासाठी उपाय सोपा आहे. 1971 साली बंगालमध्ये बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजायला दिले. हजारो जीव वाचले. आजच्या ओआरएसच्या पुड्यात सोड्याऐवजी सायट्रेट असते. तेही आम्ल उतरवते. पुड्यावर लिहिले असेल तेवढेच उकळून गार केलेले पाणी घ्यावे. दर जुलाबानंतर चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. मात्र मूल सुस्त झाले, पिईना, लघवी थांबली, किंवा श्वास मोठा झाला, तर घरी शेकत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

मंडळाच्या कपाटात हळदीकुंकवाच्या सामानाशेजारी ओआरएसचे दहा पुडे ठेवावेत, एवढीच माझी विनंती आहे.