जंतूंची गणपूर्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसताईंनी आग्रह धरला. मी पडले शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. माझ्याजवळ जंतूंचीच गोष्ट असायची! पण ही गोष्ट ऐकताना तुम्हाला आपल्याच मंडळाची आठवण होईल, म्हणून सांगते.

आपल्या सभेचा नियम सर्वांना पाठ आहे. गणपूर्ती झाल्याखेरीज ठराव नाही. चारच जणी आल्या तर गप्पा होतील, स्वेटरच्या दोन ओळी विणून होतील. पण कामाला हात घालायचा तो संख्या भरल्यावर.

२०२० सालच्या जून महिन्यात आपल्या लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते आपल्यापैकी कित्येकींनी पाहिले असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा निघाला. पाणी आटले, खारटपणा वाढला आणि या जीवांचे फावले. एकटा जीव डोळ्यांना दिसतही नाही. संख्या वाढली तेव्हा सरोवर रंगले. ही झाली नुसत्या संख्येची किमया. काही जंतू याच्याही पुढे जातात. ते आपली संख्या अजमावतात आणि मगच कामाला लागतात.

हे प्रथम कळले ते समुद्रातल्या चमकणाऱ्या जंतूंवरून. १९७० साली अमेरिकेत नील्सन, प्लॅट व हेस्टिंग्ज या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हे जंतू थोडे असताना अंधारातच राहतात आणि दाटी झाली की एकदम उजळतात. हवाईच्या समुद्रातला एक लहानसा माकूल हे जंतू आपल्या अंगात पाळतो. रात्री त्यांच्या उजेडामुळे त्याची सावली खाली पडत नाही, आणि शत्रूला तो दिसत नाही. पहाट झाली की तो बहुतेक जंतू बाहेर टाकतो. उरलेले दिवसभरात वाढून रात्रीची गणपूर्ती करतात.

जंतूंना ना डोळे, ना कान. मग त्यांना संख्या कळते कशी? प्रत्येक जंतू एक रसायन थोडे थोडे बाहेर सोडत असतो. एकटा असला तर ते पाण्यात विरून जाते. दाटी झाली की ते साठते आणि पुन्हा जंतूच्या पोटात शिरते. तेथे ते एका प्रथिनाला चिकटते. ते प्रथिन निजलेल्या जनुकाला जागे करते आणि उजेड पाडणारा पदार्थ तयार होऊ लागतो. शिवाय रसायनही अधिक सुटू लागते, म्हणून सारे जवळजवळ एकाच वेळी कामाला लागतात.

असे जंतू आपल्या स्वयंपाकघरातही आहेत. दूध विरजणाऱ्या जंतूंपैकी काही वाण निसिन नावाचा पदार्थ करतात. तो इतर जंतूंना मारतो, आणि तोच आपल्या भाऊबंदांना ‘तुम्हीही करा’ असा निरोप देतो.

आता जरा दुःखाची गोष्ट. माझ्या सासूबाईंना साखरेचा आजार होता. पायाला खडा लागून जखम झाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या; दोन दिवसांत जखम कोरडी दिसली, आणि उरलेल्या गोळ्या मी डब्यात ठेवून दिल्या. चूक माझीच. पुढे हिरवट पू आला, तेव्हा त्यांना अकोल्याला नेले. स्यूडोमोनस नावाचा जंतू निघाला. तोही असाच सभा भरवणारा! थोडे असतात तोवर हे जंतू गप्प राहतात. संख्या भरली की विषारी रस सोडतात आणि बुळबुळीत थराखाली दडतात. त्या थरात औषधाचा जोर चालत नाही. सासूबाईंच्या पायाची दोन बोटे काढावी लागली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण त्यांच्या पायात चप्पल सरकवताना माझी मान खाली जाई.

जंतूंना न मारता त्यांची बोलणीच तोडावीत, असे औषध शास्त्रज्ञ शोधत आहेत. ते काम अजून संशोधनाच्या पायरीवर आहे. तोवर आपल्या हाती काय? त्यांची सभा भरू द्यायची नाही! घरात साखरेचा आजार असेल तर रोज रात्री दिव्याच्या उजेडात त्या माणसाची पावले पाहा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. लहानशी जखम दिसली तरी घरगुती लेपावर दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि गोळ्या त्यांनी सांगितल्या तितक्या घ्या; बरे वाटले म्हणून आपल्या मनाने थांबवू नका.

जंतूंची गणपूर्ती आपण मोडू या, भगिनींनो, आणि आपली मात्र दर सभेला होऊ द्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.